चढले किती, उतरले किती

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, मी आता तुम्हाला तीन शब्द सांगणार आहे. नीट ऐका आणि लक्षात ठेवा. थोड्या वेळानं मी ते परत विचारीन."

त्यांनी पहिला शब्द उच्चारायच्या आधीच माझे सासरे खणखणीत आवाजात म्हणाले, "सफरचंद, टेबल, रुपया."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझी बायको माझ्याकडे बघू लागली. मी भिंतीवरच्या मेंदूच्या तक्त्याकडे बघू लागलो. जणू त्या तक्त्यात माझं कोणी जवळचं राहतं.

"घड्याळाचं चित्र पण काढून देऊ काय?" सासऱ्यांनी विचारलं. "अकरा वाजून दहा मिनिटं ना?"

"काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे तुमच्याकडून कोणी घोकून घेतलं?"

"जवाईबापूनं. आठ दिवस झाले. सकाळी सहाले उठवते मले. शंभरातून सात-सात पण येते. म्हणू? त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..."

ते पासष्टपर्यंत गेले. कोणी थांबवलंच नाही.

माझी बाजू मांडायची तर माझा धंदाच शिकवणीचा आहे. नागपुरात, मानेवाड्यात घराच्या पुढच्या खोलीत गेली बावीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. परीक्षा म्हटली की मला दोनच गोष्टी सुचतात: मागच्या वेळी काय आलं होतं आणि या वेळी काय येईल. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आपल्या वडिलांना अशाच तपासणीला नेऊन आले होते. त्यांच्याकडून मी प्रश्न काढून घेतले, वहीत उतरवले, महत्त्वाच्या प्रश्नांपुढे चांदण्या काढल्या आणि रोज सकाळी चहाबरोबर सासऱ्यांची उजळणी घेतली. तपासणी त्यांच्या स्मरणशक्तीची होती आणि मी ती त्यांना पाठ करून घेत होतो, यातली गंमत माझ्या लक्षात आली ती थेट त्या खोलीत, तक्त्यातल्या मेंदूकडे बघताना.

"त्यायची काही चूक नाही, मॅडम," सासरे म्हणाले. "पास झालो तर उमरेडले जायले भेटते. म्हणून मीच मन लावून पाठ केलं."

सगळा प्रश्न हाच होता. त्यांना उमरेडला परत जायचं होतं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. ते एसटीत कंडक्टर होते आणि नोकरीचा मोठा भाग त्यांनी नागपूर-उमरेड-भिवापूर याच रस्त्यावर काढला. उमरेडला त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. समोरच्या आळीत अजून एकदोन हातमाग चालतात, त्यांची खटखट ओट्यावर ऐकू येते. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते तिथे एकटे राहत होते. महिन्यातून एकदा नागपूरला यायचे, दोन दिवस राहायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत जायचे.

अशाच एका तिसऱ्या दिवशी ते गाडीत बसले आणि उमरेडला उतरलेच नाहीत. गाडी भिवापूरला लागली तेव्हा उतरून त्यांनी चहाच्या टपरीवर विचारलं, "भाऊ, हे गाव कोणतं?" ज्या रस्त्यावर त्यांनी उभ्या उभ्या आयुष्य काढलं त्या रस्त्यावरचं गाव! नशीब, तिथल्या एका जुन्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं आणि माझ्या बायकोला फोन केला. आम्ही त्यांना घेऊन आलो ते "पंधरा दिवसांसाठी". आता तिसरा महिना चालू होता.

त्या तीन महिन्यांत आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझं म्हणणं, त्यांना काही झालेलं नाही, वय आहे, सासूबाई गेल्याचं मनावर घेतलंय. बायकोचं म्हणणं, ते मुद्दाम करतात. "मी सांगितलेलं ऐकतच नाहीत. नळ सुरू ठेवतात. एकच गोष्ट पाच वेळा विचारतात. लक्षच द्यायचं नाही माझ्याकडे!" ती त्यांच्यावर ओरडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात ठेवायची. मामाजी मला हळूच विचारायचे, "काय झालं गा हिले?" आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचे.

म्हणून धंतोलीतल्या या डॉक्टर मॅडम. मी बिघडवलेली परीक्षा त्यांनी महिन्याभरानं पुन्हा घेतली, या वेळी नवे शब्द घेऊन आणि मला बाहेर बसवून. मामाजींचं धड चांगलंही आलं नाही, धड वाईटही नाही. रक्त तपासलं. मेंदूचा फोटो काढला. त्यात वयाप्रमाणे थोडं आकसणं होतं, त्यावरून काही ठरेना.

"तीन शक्यता आहेत," मॅडम म्हणाल्या. "एक म्हणजे दुःख. उदास माणूसही विसरतो. ते असेल तर औषधानं सुधारेल आणि काका पुन्हा एकटे राहू शकतील. दुसरी, अल्झायमर. तिसरी म्हणजे यापेक्षा वेगळंच काहीतरी. बाहेरून बघितलं तर तिन्हींचं रूप पुष्कळदा सारखंच दिसतं. कागदावरची परीक्षा तर सरांनी शिकवून ठेवली." 'सर' म्हणजे मी. "आता अशी एक परीक्षा घेऊ की जिची शिकवणी लावता येत नाही."

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू एकाच पाण्यात असतात, त्यांनी सांगितलं. मेंदूत जे चाललेलं असतं त्याचा अंश त्या पाण्यात उतरतो. कमरेच्या खाली दोन मणक्यांच्या मधून सुई घालून ते थोडं पाणी काढायचं आणि त्यातली ठरावीक प्रथिनं मोजायची. एकाचं नाव अमायलॉइड, दुसऱ्याचं टाऊ. त्यांचं वाढणं-घटणं कसं वाचायचं, हेही मॅडमनी तेव्हाच सविस्तर सांगितलं होतं. पण मी मनातल्या मनात सुईची लांबी मोजत होतो. वर्गात असं लक्ष नसलेलं पोरगं मला पहिल्या मिनिटात ओळखू येतं. त्या दिवशी मला ओळखणारं कोणी नव्हतं.

"पाठीत सुई!" बायको म्हणाली. "लोक म्हणतात माणूस लुळा होतो."

"लोक खूप काही म्हणतात, ताई. सुई जिथे घालतो तिथवर मज्जारज्जू येतच नाही, तो वरच संपतो. एकदोन दिवस डोकं दुखू शकतं, तेवढं."

मामाजींनी विचारलं, "पानी किती काढता?"

"दोनतीन चमचे."

"अन् मंग तेवढं कमी राहते?"

"नाही काका, शरीर तेवढं पुन्हा तयार करतं. काही तासांत."

"मंग काढा," ते म्हणाले. "टाकीत पुन्हा भरत असन तर काय हरकत हाय?" आणि सही करायला त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. सही वळणदार होती, पूर्वीसारखी. माझ्या बायकोनं ती सही बघितली आणि तोंड फिरवलं.

पाणी काढायच्या दिवशी मी माझ्याकडून पूर्ण तयारी केली. एक काचेची बाटली घेतली, कुकरात उकळली, स्वच्छ पंचावर पालथी घालून वाळवली आणि झाकण लावून पिशवीत टाकली. आमच्याकडे नमुना म्हटला की बाटली घरून न्यायची सवय आहे. ती बाटली मी तिथल्या लॅबच्या बाईंपुढे मोठ्या समाधानानं ठेवली. बाई माझ्याच वयाच्या असतील. चष्मा साखळीला अडकवलेला, हातात बर्फाचा डबा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बाटली. उकळलेली आहे."

त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे. त्यांनी डब्यातून एक छोटी, दुधी रंगाची प्लास्टिकची नळी काढून दाखवली. "आम्ही हीच वापरतो. काच चालत नाही. कुठलंही प्लास्टिकसुद्धा चालत नाही. आपल्याला जे प्रथिन मोजायचं आहे ना, ते भलतं चिकट असतं. काचेच्या भिंतीला जाऊन बसतं. मग पाण्यात ते कमी मोजलं जातं आणि धडधाकट माणसाच्या नावावर आजार लागतो."

"फक्त बाटलीमुळे?"

"फक्त बाटलीमुळे. एका नळीतून दुसरीत उगाच ओतलं तरी तेच. उन्हात राहिलं तरी बिघडतं. म्हणून मी स्वतः उभी राहते." त्यांनी नळीवर मामाजींचं नाव, वेळ लिहिली, पुन्हा एकदा वाचली आणि मग मला म्हणाल्या, "तुमच्या बाटलीत लोणचं चांगलं राहील."

मला बाहेर घालवतील असं वाटलं होतं, पण मामाजींनीच "जवाईबापू इथंच राहू द्या" म्हटलं. ते कुशीवर झोपले, गुडघे पोटाशी घेतले. एवढा उंच माणूस, गर्दीच्या गाडीत टपाला डोकं लागू नये म्हणून आयुष्यभर मान वाकवून उभा राहिलेला, आता इतका लहान दिसत होता. मॅडमनी बधीर करायचं इंजेक्शन दिलं, मग सुई. मी त्यांचा हात धरला होता. खरं सांगायचं तर त्यांनी माझा धरला होता. "घाबरू नका," ते मला म्हणाले.

आणि मग थेंब पडायला लागले. एकेक, सावकाश, त्या छोट्या नळीत. मी काय बघायच्या अपेक्षेनं बसलो होतो कोण जाणे, पण ते नुसतं पाणी होतं. तांब्यात काल भरून ठेवलेल्या पाण्याइतकं स्वच्छ. त्याला ना रंग ना वास. या माणसानं तोंडपाठ केलेली गावं, त्याच्या लेकीचा जन्म, सासूबाईंचा शेवटचा दिवस, भिवापूरची ती चहाची टपरी, हे सगळं ज्या मेंदूत आहे त्याच्याजवळून हे पाणी आलं होतं आणि त्याच्याकडे बघून काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी कुठेतरी कोणीतरी त्यातलं मोजणार होतं, जे डोळ्यांना दिसत नाही ते. मी बावीस वर्षं गणित शिकवतो आहे. मोजणं या गोष्टीबद्दल मला एवढा आदर त्याआधी कधी वाटला नव्हता.

बाईंनी नळ्या बर्फात ठेवल्या. पाणी मोठ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या शहरात जाणार होतं. निकालाला दोन आठवडे.

ते दोन आठवडे मामाजींनी निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे काढले. रोज सकाळी विचारायचे, "आला काय रिपोर्ट?" मग नाश्ता झाल्यावर विचारायचे. मग दुपारी. आणि मी? मी माझी सवय सोडली नव्हती. "मामाजी, सांगा बरं आज वार कोणता? काल संध्याकाळी कोण आलं होतं? भाजी कशाची खाल्ली?" मला वाटायचं, मेंदूला व्यायाम होतो. ते उत्तर शोधायचे, कपाळाला आठ्या घालून, आणि सापडलं नाही की पंचानं तोंड पुसायचे.

मग एका दुपारी रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. इंग्रजीत, तक्त्यात. पहिल्या ओळीत अमायलॉइड. त्यापुढे आकडा, आणि आकड्यापुढे किती असायला हवं ते. मामाजींचा आकडा त्याच्या खाली होता, चांगलाच खाली. मी उडी मारली. साखर कमी, चरबी कमी, प्रथिन कमी; कमी म्हणजे चांगलं! दुसऱ्या ओळीतला आकडा जाड अक्षरात होता, वर गेलेला होता, हे मी बघितलंसुद्धा. पण एवढं तेवढं काहीतरी वयात वाढतंच, असं म्हणून मी मोबाइल खिशात टाकला. पेपर पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका, हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो.

मी जाऊन संत्रा बर्फी आणली. खालच्या मजल्यावर दिली, वरच्या मजल्यावर दिली. मामाजींच्या तोंडात एक तुकडा घालून म्हणालो, "मामाजी, पास! आजार नाही. चला उमरेडला."

त्यांनी बर्फी चावून संपवली. मग आत गेले आणि बॅग भरायला लागले. खाकी कापडाची, नोकरीतली जुनी बॅग. दोन धोतरं, तीन सदरे, दाढीचं सामान. सदरे घडी करून पुन्हा उलगडत होते, पुन्हा घडी करत होते. पण चेहरा बघण्यासारखा होता.

बायकोनं आपला बर्फीचा तुकडा ताटलीत तसाच ठेवला होता. "डॉक्टरांले विचारलं?" तिनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? आकडा कमी आहे. आकडे मला कळत नाहीत का?"

"विचारा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं धंतोलीत होतो. मामाजींनी बॅग बरोबर आणली होती. इथूनच परस्पर स्टँडवर जायचं, असं त्यांनी ठरवलेलं. मॅडमनी रिपोर्ट वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मग पुन्हा एकदा. मग त्या बॅगेकडे बघून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, तुम्ही काही सांगितलंत का यांना?"

"आकडा कमी आला म्हणून..."

"कमी आला तेच तर," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "हे साखरेसारखं नाही. अमायलॉइड मेंदूत तयार होतं आणि पाण्यातून बाहेर जात असतं. ते मेंदूतच साचायला लागलं, चिकटून बसलं, की पाण्यात कमी उतरतं. इथे कमी म्हणजे तिथे जास्त."

मला खालच्या आणि वरच्या मजल्यावर वाटलेली बर्फी आठवली. बायकोनं बॅगेचा पट्टा मुठीत धरला.

मामाजी खुर्चीत पुढे सरकले. "थांबा, थांबा मॅडम. मले समजू द्या." त्यांनी दोन्ही हात हवेत धरले, एक हात जणू दाराशी. "नागपूरवरून गाडीत इतके पॅसेंजर चढले. मले आकडा माहीत हाय. आता उमरेडले मी दरवाज्यात उभा राहून मोजून राहिलो, तर उतरले कमी. म्हणजे बाकीचे गेले कुठी? गाडीतच बसून हायेत."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. "हो काका. तसंच."

"उठूनच नाही राहिले जागेवरून."

"नाही."

"अन् तो दुसरा? तो तर जास्त निघाला म्हणता."

"टाऊ. तो पेशींच्या आतला असतो. पेशी बिघडायला लागल्या की तो बाहेर पाण्यात जास्त सापडतो."

"म्हणजे गाडीतल्या सीटाच तुटून राहिल्या. तुकडे बाहेर येऊन राहिले." त्यांनी हात खाली घेतले. "समजलं."

मला, गणिताच्या शिक्षकाला, हे दोन वेळा सांगून कळलं नव्हतं. ज्याच्या मेंदूबद्दल चाललं होतं त्यानं त्याच मेंदूनं ते एका दमात समजून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "काका, पुढच्या पेशंटला मी हे असंच सांगितलं तर चालेल?"

"सांगा ना. त्याले कोणतं तिकीट लागते?"

मॅडम हसल्या. पण मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, काही न लपवता. नुसत्या पाण्यावरून कोणाला आजारी ठरवत नाहीत. भिवापूरची गोष्ट, घरातलं वागणं, फोटो आणि हे पाणी असं सगळं एकमेकांशी जुळलं म्हणून त्या बोलत होत्या. हा अल्झायमरच होता. सुरुवातीचा. औषध होतं, त्यानं आजार जात नाही, थोडा आधार मिळतो. अजून बराच काळ ते बोलतील, हसतील, माणसं ओळखतील.

"मग ते मुद्दाम..." माझ्या बायकोचा आवाज फुटला. "मी त्यांच्यावर ओरडत होते, मॅडम. मला वाटलं, मुद्दाम लक्ष देत नाहीत."

"ताई, तुम्ही सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत होतं. आत टिकत नव्हतं. त्यात तुमचीही चूक नाही, त्यांचीही नाही. आता माहीत झालं."

मामाजींनी लेकीच्या हातावर हात ठेवला आणि मॅडमना विचारलं, "आता मले खरं सांगा. उमरेडले एकटा नाही राहू शकत ना मी?"

"एकटे नको, काका. गॅस आहे, रस्ता आहे."

मी म्हणणार होतो, बघू, पुढे बघू. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. थोडा वेळ ते समोरच्या टेबलाच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ठीक हाय. एकटा नाही राहत. पन घर विकायचं नाही. अन् मी हाय तवर, जितकं जमन तितकं, शनिवारच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. जवाईबापू येतीन माझ्यासंगं." आणि माझ्याकडे वळून, "येता ना?"

शनिवारी सकाळी माझी सगळ्यात मोठी बॅच असते. "येतो," मी म्हणालो.

मी पुष्कळ पास झालेली मुलं बघितली आहेत. नापास झाल्याचं कळल्यावर इतक्या सरळ मानेनं उठून, स्वतःची बॅग स्वतः उचलून बाहेर पडणारा माणूस मी तेव्हाच बघितला. शनिवारची बॅच मी रविवारी टाकली. पालकांना कारण सांगितलं नाही, मुलांना सांगितलं. त्यांना पटलं.

पहिल्या शनिवारी निघताना बायकोनं बाबांच्या सदऱ्याच्या खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. मला बजावलं, "तिकडून तीन वस्तू आणा. बाबांचं स्वेटर, जुन्या औषधाची फाइल अन् आईचा लोखंडी खलबत्ता."

"लिहून देऊ नको, राहतं माझ्या लक्षात," मी म्हणालो.

मामाजी खिडकीत बसले. गाडी दिघोरीच्या पुढे निघाली तशी माझी जीभ वळवळली. "मामाजी, सांगा बरं, आता पुढचं गाव कोणतं?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. ते शांतपणे माझ्याकडे वळले. "जवाईबापू, माझा निकाल लागला ना?"

"लागला."

"मंग आता परीक्षा काहून घेऊन राहिले?"

मी हातातली तिकिटं खिशात नीट ठेवू लागलो.

"आठवलं तर मी सांगीन," ते म्हणाले. "नाही आठवलं तर तुम्ही सांगा. विचारून नका राहू. विचारलं का माझी छाती धडधडते."

इतक्या महिन्यांत मी किती वेळा त्यांची छाती धडधडवली असेल, याचा हिशेब मी खिडकीबाहेर बघत करत बसलो. विहिरगाव त्यांनी सांगितलं. पाचगावही सांगितलं, वर तिथे एकदा मध्येच चढलेल्या बकरीची गोष्ट सांगितली. चांपा आलं तेव्हा ते गप्प होते, बाहेर बघत होते. मी थोडा थांबलो आणि म्हणालो, "चांपा."

"हो, चांपा," ते म्हणाले, जसं आपण कोणी आपल्याला पाणी आणून दिलं की म्हणतो.

उमरेडला ते माझ्या आधी उठले. घर उघडलं, ओटा झाडला, बसले. समोर माग चालू होता. परतीची गाडी किती वाजता आहे हे त्यांनी मला चार वेळा विचारलं. पहिल्या दोन वेळी मी "आत्ताच सांगितलं ना" म्हणालो. तिसऱ्या वेळी नुसतं सांगितलं. चौथ्या वेळी मला सांगताना काहीच वाटलं नाही. जणू पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्यांच्यासाठी पहिल्यांदाच होतं.

दिवेलागणीला घरी पोचलो. मामाजी लेकीला म्हणाले, "घर चांगलं हाय," आणि हातपाय धुवायला गेले. मी बायकोला सगळी हकिकत सांगितली. बकरी सांगितली, चांपा सांगितलं आणि जरा अभिमानानंच म्हणालो, "दिवसभर मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. म्हणजे, दिघोरीनंतर. त्यांची परीक्षा संपली आता."

तिनं डोळे पुसले. मग माझी पिशवी उघडली. स्वेटर काढलं, फाइल काढली, पिशवी उलटी करून झटकली.

"बाबाले विचारू नका, असं ते म्हणाले," ती म्हणाली. "तुम्हाले विचारू नका, असं कोणी म्हटलं नाही. खलबत्ता कुठी हाय?"